टक्क्यांशेजारचा कॉलम

धरणाचं पाणी चढतं-उतरतं ते आपल्या नळासाठी, कुणाच्या तरी उसासाठी. पण त्याच्यासोबत तलावाचा अख्खा काठही पुढे-मागे सरकत असतो. दादरच्या किचनपासून भिगवणच्या चिखलापर्यंत एक फेरफटका!

मुंबईकराला जून-जुलैमध्ये दोनच टक्के कळतात. एक अप्रेझलचे आणि दुसरे तलावांचे! पहिले कधीच मनासारखे नसतात. दुसऱ्यांकडे मात्र अख्खं शहर डोळे लावून बसतं. तानसा ओसंडला की मोबाइलवर फोटो, विहार भरला की पुन्हा फोटो. आमच्या दादरच्या घरात तर हा नित्यनेमच आहे. "तानसा किती झाला गं?" हा आजीचा सकाळचा पहिला प्रश्न. चहा त्यानंतर. तिचंही बरोबरच आहे म्हणा. सेनापती बापट मार्गाच्या पोटातून जी जाडजूड जलवाहिनी जाते, तिचं नावच तानसा. आम्ही रोज ज्याने आंघोळ करतो, त्या पाण्याचं गाव पेपरात रोज छापून येतं. असं भाग्य दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या वाट्याला येतं का?

पण महापालिका तलावांचा जो रोजचा तक्ता काढते, त्यात टक्क्यांशेजारी आणखी काही कॉलम असतात. मीटरचे. तलाव किती मीटरला भरून वाहायला लागतो, किती मीटरपर्यंत त्यातून पाणी उपसता येतं आणि आज तो कुठे आहे. हे कॉलम कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. मग एका लांबलेल्या कॉन्फरन्स कॉलमध्ये (कॅमेरा बंद, माइक बंद) मी ते आकडे एकमेकांतून वजा करत बसले.

तानसा १२८.६३ मीटरला भरतो आणि ११८.८७ मीटरपर्यंत उतरवता येतो. म्हणजे फरक साधारण दहा मीटरचा. विहारचा फरक सहा मीटर, तुळशीचा आठ. इथवर ठीक. मोडकसागर वीस मीटर. भातसा १४२.०७ पासून १०४.९० पर्यंत, म्हणजे सदतीस मीटर! आणि मध्य वैतरणा? भरलेला तलाव २८५ मीटरला, तळची मर्यादा २२० मीटरला. पासष्ट मीटर!! दादरमध्ये पुनर्विकासात जे बावीस मजली टॉवर उभे राहतायत ना, त्यातला एक अख्खा टॉवर बुडेल आणि पुन्हा उघडा पडेल, एवढी ही चढउतार. दरवर्षी पाणी तळाला जातंच असं नाही. पण जाऊ शकतं, आणि तलाव बांधलाय तो त्याच हिशोबाने.

गंमत पुढे आहे. तानसात मावतं १,४५,०८० दशलक्ष लिटर पाणी आणि मध्य वैतरणात १,९३,५३०. म्हणजे साठा दीडपटीपेक्षाही कमी जास्त, पण चढउतार साडेसहापट. कारण सोपं आहे. तानसा हा १८९२ सालचा, पसरट परातीसारखा. मध्य वैतरणा २०१४ मध्ये सुरू झाला, अरुंद दरीत, उंच ग्लाससारखा. परातीतलं पाणी ओतून घेतलं की पातळी बोटभर उतरते आणि काठ मात्र वीतभर आत सरकतो. ग्लासचं नेमकं उलटं.

ना जमीन, ना पाणी

आता तुम्ही म्हणाल, असेना का! पाणी नळाला आलं म्हणजे झालं.

मलाही तसंच वाटायचं. पण तलावाचं खरं आयुष्य मध्यभागी नसतं, ते काठावर असतं. मधल्या खोल पाण्यात तळापर्यंत ऊन पोचत नाही. काठच्या उथळ पाण्यात पोचतं, म्हणून तिथे पाणवनस्पती मुळं धरतात. त्यांच्या आडोशाला गोगलगायी, किडे, झिंगे. त्यांना खायला छोटे मासे, माशांवर बगळे आणि खंड्या. गवतात अंडी घालणारे मासे वेगळेच. म्हणजे तलावाचा अख्खा खाऊगल्ली एरिया हा काठच!

नैसर्गिक तळ्याचं पाणीही उन्हाळ्यात उतरतं, पावसात चढतं. पण ते आपल्या चालीने. धरणाचा काठ चालतो तो व्हॉल्व्ह आणि दरवाज्यांच्या तालावर. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रोज थोडाथोडा खाली आणि जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत धाडकन वर. उभ्या दरीत असं होतं तेव्हा काठावरची माती लाटांनी आणि पावसाने धुऊन जाते. मेमध्ये भातसाच्या जलाशयाकडे वरून पाहिलंत तर हिरवं जंगल आणि निळं पाणी यांच्यामध्ये एक खरडून काढल्यासारखा तांबूस पट्टा दिसतो. बादलीला आतून क्षारांची रेघ धरते ना, तसा. तिथे झाड उगवू शकत नाही, कारण चार-सहा महिने ते पाण्याखाली असतं. पाणवनस्पती जगू शकत नाही, कारण उरलेले महिने ती कोरडी पडते. ना जमीन, ना पाणी.

चीनमधल्या थ्री गॉर्जेस या अवाढव्य धरणाच्या अशाच पट्ट्यावर जगभरचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काम करतायत. तिथली चढउतार किती? १४५ ते १७५ मीटर, म्हणजे तीस मीटर. आपला भातसा त्याच्या पुढे आहे आणि मध्य वैतरणा दुपटीहून जास्त! थ्री गॉर्जेसमध्ये आणखी एक उलटापालट झाली. पुराला जागा ठेवायची म्हणून तिथलं पाणी उन्हाळ्यात उतरवतात आणि हिवाळ्यात चढवतात. नदीच्या मूळ वेळापत्रकाच्या बरोब्बर उलट. काठावर शेकडो वर्षं जगलेल्या झाडांना हे नवं टाइमटेबल झेपलं नाही.

मग असल्या काठावर टिकतं कोण? ज्याला कशाचीच लाज नाही तो. गंमत नाही करत, त्या झुडपाचं नावच बेशरम आहे! जांभळट गुलाबी फुलांचं हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेचं. बुडालं तरी जगतं, वाळलं तरी जगतं, तोडून फेकलेली फांदी चिखलात पडली तर तिथेच मुळं धरते.

माशांमध्ये हाच मान चिलापीचा. हीही बाहेरून आलेली, आफ्रिकेची. हिची युक्ती भारी आहे. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत! काठ मागे सरकला तर ज्या माशांनी गवतात अंडी घातली त्यांची अंडी उन्हात वाळतात. चिलापी बाळंतपणाची खोलीच सोबत घेऊन खोल पाण्यात निघून जाते. रोहू-कटला तर धरणाच्या थांबलेल्या पाण्यात सहसा वीणच करत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पुराचं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावं लागतं. चिलापीला कुणी आणून सोडायला नको.

चलो भिगवण

एवढं वाचून वाटेल की धरणाचा काठ म्हणजे सगळा रडका मामला. अजिबात नाही! त्यासाठी परातीचा आकार आठवा आणि माझ्यासोबत भिगवणला चला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री दीडला आम्ही चौघं दादर टीटीहून गाडीने निघालो. एक्स्प्रेसवे, झोपलेलं पुणं, मग सोलापूर रोड. उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर. काठावर म्हणजे कुठे, हा प्रश्नच होता. कारण गावातून दिसणारा काठ आणि प्रत्यक्ष पाणी यांच्यामध्ये भलंमोठं चिखलाचं आणि गवताचं मैदान पसरलेलं. गाडी ठेवायची, चालायचं, मग होडी.

हे उजनी धरणाचं बॅकवॉटर. भीमेवरचं धरण, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. आपल्या सातही तलावांचं मिळून जे १४.४७ लाख दशलक्ष लिटर होतं ना, ते साधारण ५१ टीएमसी. म्हणजे एकटी उजनी मुंबईच्या सात तलावांना भारी! आणि हे सगळं पाणी येतं किती मीटरमध्ये? भरलेली पातळी ४९६.८३, उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३. फक्त ५.८ मीटर! परात म्हणजे परात.

अशा सपाट जमिनीवर पाणी हातभर उतरलं तरी काठ कितीतरी लांब जातो. तीनशे फुटांत एक फूट उतार असेल, तर पाणी एक मीटर उतरल्यावर काठ तीनशे मीटर मागे. शिवाजी पार्कला पाव फेरी मारायला जितकं चालावं लागतं, तेवढा नवा चिखल उघडा. आणि हा चिखल म्हणजे तयार थाळी. वर्षभर पाण्याखाली मुरलेला गाळ, त्यात अळ्या, किडे, गोगलगायी, शेवाळ. ती खायला येतात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. होडीवाले काका इंजिन बंद करून वल्हवायला लागले आणि समोर गुलाबी पट्टा हलला. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळत चाललेले शेकडो पक्षी. अलीकडे शेकाट्या, चित्रबलाक. पलीकडे हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस आणि चक्रवाकांच्या जोड्या. आमच्यातला एक जण शिवडीच्या जेट्टीवरचे फ्लेमिंगो बघून "बघितलेत रे सगळे" म्हणणारा. तोही गप्प.

"काका, हे इथेच कसे बसतात बरोब्बर?"

"ताई, त्यांचा पाय बुडंल पण पोट बुडणार नाय, एवढंच पाणी लागतंय त्यांना. पाणी सरकलं की त्ये सरकत्यात. आज हितं हायेत, पंधरा दिसानं त्या तिकडं."

एका वाक्यात अख्खा विषय! रोहितांना तलाव भरलेला नको असतो आणि कोरडाही नको. त्यांना उतरता तलाव हवा असतो. डिसेंबर-जानेवारीत रब्बीचं आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्यातून शेतीला पाणी सोडलं, की पातळी खाली यायला लागते. रोज थोडा ताजा चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत सरकत राहतात. पाऊस लांबला आणि धरण जानेवारीतही काठोकाठ राहिलं, तर रोहित उशिरा येतात, कमी येतात. भिगवणच्या होडीवाल्यांना धरण भरल्याचा आनंद असतोच. शेती त्यांचीही आहे. पण सीझन वाया जाणार म्हणून पोटात गोळाही येतो.

त्या उघड्या जमिनीवर आणखी एक जण नजर ठेवून असतो. शेतकरी. पाणी ओसरल्यावर वर येणाऱ्या या जमिनीला गाळपेर म्हणतात. ओल असतेच, खत घालायला नको. हरभरा, कांदा, चाऱ्याचा मका, कलिंगड, काहीही टाका, येतं. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतले कित्येक जण आपलीच बुडालेली जमीन दरवर्षी काही महिन्यांपुरती परत मिळवून कसतात. २०१८-१९ च्या दुष्काळात सरकारने चारा पिकवण्यासाठी अशा जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या होत्या. म्हणजे या चिखलावर दोघांचा दावा. पक्षी पाण्याच्या कडेला, शेतकरी त्यांच्या मागोमाग. पाणी हळू उतरलं तर दोघांना पुरतं. झपाट्याने उतरलं तर पक्ष्यांची कड सुकते आणि शेतकऱ्यालाही पाण्यातली मोटर, केबल, पाइप सगळं उचलून पुन्हा पुन्हा पुढे न्यावं लागतं. मोटर हलवायची म्हणजे चार माणसं, एक दिवस आणि भरपूर शिव्या.

अर्थात भिगवण म्हणजे काही स्वर्ग नव्हे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून इथेच येतं. होडी एका वळणावर गेली तेव्हा आम्ही चौघांनीही नाकाला रुमाल लावले. पाणी कमी झालं की ते सांडपाणी आणखी घट्ट होतं, हिरवं होतं, जलपर्णी फोफावते. काठ उघडा पडणं चांगलं, पण किती आणि कधी, यालाही हिशोब आहे.

उजनी मायनस

तो हिशोब कोलमडला २०२४ च्या उन्हाळ्यात. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि धरण पूर्ण भरलंच नाही. उजनीत उपयुक्त साठ्यापेक्षा मृतसाठाच जास्त आहे, सुमारे ६३.६५ टीएमसी. उपयुक्त पाणी संपलं की आकडा शून्यावर न थांबता उणे व्हायला लागतो. त्या भागात त्याला सरळ "उजनी मायनस" म्हणतात. जून २०२४ च्या सुरुवातीला उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास होती. पळसदेवचं एरवी पाण्यात असणारं पुरातन देऊळ पूर्ण उघडं पडलं आणि लोक गाड्या घेऊन ते बघायला गेले. फोटो तुम्हीही पाहिले असतील. मला त्या फोटोत देवळापेक्षा भोवतालची जमीन जास्त आठवते. भेगा पडलेली, कोरडी, एकही पक्षी नसलेली. कारण चिखल सुकला की तो चिखल राहत नाही. ती नुसती जमीन.

त्याच जूनमध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात होती. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणातला राखीव साठा काढावा लागला होता. दादरला आम्ही बादल्या भरून ठेवत होतो आणि तिकडे काठ तळाकडे निघाला होता. एकाच पावसाची ही दोन टोकं!

याच दिवसांत आणखी एका पक्ष्याचा जीव टांगणीला असतो, नदी सुरयचा. पिवळीधमक चोच, काळी टोपी. हा उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर वर आलेल्या वाळूच्या किंवा मातीच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. बेट आहे तोवर कुत्री-कोल्ही पोचत नाहीत. पाणी प्रमाणाबाहेर उतरलं की बेट जमिनीला जोडलं जातं आणि कुत्र्यांना रस्ता मिळतो. आणि पिल्लं उडण्याआधीच वरच्या धरणांतून विसर्ग आला तर एका रात्रीत बेटच गायब. कर्नाटकातल्या भद्रा जलाशयातल्या बेटांवर हेच पक्षी मोठ्या संख्येने वीण करतात. तिथेही सगळं पाण्याच्या पातळीवरच अवलंबून. टिटवीचंही तेच, तीही जमिनीवरच अंडी घालते. आपल्या विहार-तुळशीतल्या मगरी त्या मानाने हुशार. काठावर वरच्या अंगाला खड्डा खणून अंडी पुरतात आणि पाऊस येण्याआधी पिल्लं बाहेर. मगर आई त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. सहा-आठ मीटरच चढउतार असलेल्या तलावात ते अंतरही फार नसतं.

पाणी कधी आणि किती सोडायचं, हे ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. तिथे खासदार-आमदार असतात, अधिकारी असतात, पिण्याचं पाणी, शेती, उद्योग यांची खेचाखेच असते. साहजिक आहे. सोलापूरकराला प्यायला पाणी नसताना रोहितांसाठी पाणी अडवा, असं मी तरी म्हणणार नाही. पण आवर्तन सोडायचंच आहे, तर ते एकदम जोरात सोडायचं की थोडं लांबवून, हे ठरवताना काठाचाही विचार करायला फार काही पडत नाही. पाणी तेवढंच जातं, फक्त उतरण्याचा वेग बदलतो.

नापास धरण, पास पक्षी

हे जमतं का? एका ठिकाणी चुकून जमून गेलंय. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ गोदावरीवर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. शंभर वर्षांत तो गाळाने इतका भरला की पाणी साठवायचं भांडं म्हणून तो जवळजवळ नापास. पण वरच्या गंगापूर, दारणा वगैरे धरणांतून कालव्यांसाठी सोडलेलं पाणी याच बंधाऱ्यात येऊन पुढे जातं. त्यामुळे इथे पाणी उथळ आणि बऱ्यापैकी स्थिर राहतं. गाळाची बेटं झाली, त्यांवर गवत आणि पाणकणीस, त्यात पाणकोंबड्या आणि बदकं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून याच बंधाऱ्याला मान मिळाला. कुणी डिझाइन केलं नव्हतं. इंजिनिअरच्या वहीत जो गाळ, तो इथे काठ झाला.

जायचंय?

भिगवण: दादरहून अंतर साधारण २५० किलोमीटर. रात्री निघालात तर पहाटे पोचता. रेल्वेने दौंडला उतरून पुढे गाडीही करता येते. कुंभारगाव आणि डिकसळ, दोन्हीकडे स्थानिक मच्छीमारांच्या होड्या मिळतात. भाडं आधी ठरवा, घासाघीस फार करू नका. होडी पक्ष्यांच्या अंगावर घालायला सांगू नका, ते उडतानाचा फोटो हवा असला तरी! जेवायला चिलापी फ्राय आणि भाकरी मागा. एवढं तिचं कौतुक केलंय, तर चव घेऊनच या.

नांदूरमध्यमेश्वर: नाशिकहून तासाभरावर. निरीक्षण मनोरे आहेत, दुर्बीण सोबत ठेवा. मुंबईहून जाऊन-येऊन एका दिवसात धावपळ होते, मुक्काम करा.

तानसा, भातसा: हे पाणीपुरवठ्याचे तलाव आहेत. धरणावर परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि पाण्यात उतरणं तर अजिबात नाही.

सीझन: जानेवारी ते मार्च. पण तारीख नक्की करण्याआधी उजनीचा त्या दिवशीचा टक्का बघा. जानेवारीत तो शंभराच्या आसपास असेल तर बुकिंग फेब्रुवारीच्या शेवटी ढकला. चिखल अजून पाण्याखाली आहे.